कच्च्या लिंबालाही डाव हवा

व्हिडिओ गेम आणि आपलं हे पान? असा प्रश्न तुमच्यापैकी काही जणींना नक्की पडेल. आपला गेमशी संबंध तो केवढा, तर "ठेव आता तो मोबाइल, पोळ्या गार झाल्या," असं स्वयंपाकघरातून ओरडण्याइतका. पण मैत्रिणींनो, गेम खेळणाऱ्या मंडळींमध्ये गेली काही वर्षं एक वाद चालू आहे. तो माझ्या कानावर पडला आणि वाटलं, अगं बाई, हा तर आपल्या अंगणातला, शाळेतला, घरातलाच वाद आहे. फक्त पडद्यावर चाललाय एवढंच.

वाद असा. काही गेम मुद्दाम फार अवघड बनवलेले असतात. पन्नास वेळा मराल तेव्हा कुठे एक पायरी पुढे सरकाल, असे. अशा गेममध्ये सोपं, मध्यम, कठीण असे पर्याय द्यावेत की नाही? एक बाजू म्हणते, द्या की! ज्याला जे झेपेल ते तो घेईल. दुसरी म्हणते, मुळीच नको. अवघड असणं हाच त्या गेमचा प्राण आहे, तो काढला तर उरलं काय?

पुढे जाण्याआधी एक स्पष्ट करते. पैसे लावून खेळायचे मोबाइलवरचे खेळ मी यात धरत नाही. त्यांच्यावर बंदी आणणारा कायदा २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं केला आहे. रात्र रात्र खेळत बसणाऱ्या मुलांचा प्रश्नही वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये गेमच्या व्यसनाला आजारांच्या यादीत घातलं, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहायला हवं. आज बोलायचं आहे ते अवघडपणाबद्दल. तो कुणी ठरवायचा, आणि कुणासाठी?

खरं तर आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर पोरासोरांनीच फार पूर्वी शोधून ठेवलंय. लंगडी, लपाछपी, विषामृत, डबा ऐसपैस, काहीही खेळायला लागा, कुणाचा तरी धाकटा भाऊ नाहीतर बहीण मागे लागायचीच. "मलापण घ्या." मग ठरायचं, हा कच्चा लिंबू. कुठे लिंबूटिंबू म्हणतात, कुठे दूधभात. म्हणजे त्यानं पळायचं, लपायचं, ओरडायचं, सगळं काही करायचं, फक्त तो आउट झाला तरी त्याच्यावर राज्य यायचं नाही. यामुळे मोठ्यांचा खेळ काही सोपा व्हायचा नाही. त्यांची चुरस तशीच चालायची. पण धाकट्याला खेळ कळायला लागायचा, पायात बळ यायचं, आणि वर्ष-दोन वर्षांत तोच ठसक्यात सांगायचा, "मी आता कच्चा लिंबू नाही. माझ्यावर राज्य द्या."

आता पडद्यावरच्या खेळांकडे वळू. सोप्या-अवघडाचं बटण ही काही आजची टूम नाही. १९७७ साली अमेरिकेत अटारी कंपनीनं टीव्हीला जोडायचा जो गेम बाजारात आणला, त्याच्या डब्यावरच डाव्या आणि उजव्या खेळाडूसाठी दोन वेगळी बटणं होती. एकानं अवघड लावायचं, दुसऱ्यानं सोपं. म्हणजे बाप आणि लेक शेजारी बसून खेळले तरी डाव बरोबरीचा.

त्याच काळात दुकानांत नाणं टाकून खेळायची मोठी यंत्रंही होती. त्यातल्या अनेकांच्या आत अवघडपणा कमी-जास्त करायची सोय असायची, पण ती खेळणाऱ्याच्या हातात नव्हती, दुकानदाराच्या हातात होती. खेळ अवघड केला की पोरं लवकर मरायची आणि पुढचं नाणं लवकर पडायचं. तेव्हा अवघडपणा प्रत्येक वेळी कलेपोटीच येतो असं समजू नका. कधी कधी तो गल्ल्यासाठीही येतो!

नव्वदीच्या दशकात आपल्याकडच्या गावांतही टीव्हीला जोडायचे कॅसेटवाले गेम आले. भाड्यानं तासावर मिळायचे. तुमच्या भावानं, दिरानं 'काँट्रा' नावाचा गेम खेळला असेलच. तीन लाइफ मिळायच्या आणि त्या बघता बघता संपायच्या. मग कुणीतरी जाणता मुलगा एक मंत्र सांगायचा. वर वर, खाली खाली, डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे, बी, ए. की तीनाच्या तीस लाइफ! या मंत्राचा जन्म मोठा मजेदार आहे. जपानमधल्या कोनामी कंपनीत काझुहिसा हाशिमोतो नावाचे गृहस्थ 'ग्रॅडियस' हा गेम घरच्या टीव्हीसाठी बसवत होते. तो १९८६ साली आला. तपासायचा म्हणजे शेवटपर्यंत खेळायला हवा, आणि तो त्यांना स्वतःलाच जमेना! म्हणून त्यांनी आपल्यापुरती ही गुप्त किल्ली आत ठेवली. ती तशीच राहून गेली आणि जगभर पसरली. म्हणजे बघा, ज्यानं गेम बसवला त्यालाही तो सोपा करून घ्यावा लागला होता.

पण सोपं मागणाऱ्याची टिंगल करायची खोडही तेव्हापासूनचीच. १९९२ साली अमेरिकेत 'वुल्फेन्स्टाइन थ्रीडी' हा बंदुकांचा गेम आला. त्यात चार पातळ्या होत्या. सगळ्यात सोपी निवडायला जावं, तर पडद्यावरच्या दणकट नायकाच्या डोक्यावर बाळाचं टोपडं आणि तोंडात चोखणी! आणि त्या पातळीचं नाव काय, तर बाबा, मीपण खेळू का, अशा अर्थाचं. हसू येतं खरं. पण मनात येतं, ज्याला खरंच सोपं हवंय त्यानं हे टोपडं घालूनच आत यायचं का? पहिल्यांदा स्कूटर शिकायला निघालेल्या बाईला गल्लीतली पोरं जशी हसतात, त्यातलाच हा प्रकार.

आता दुसरी बाजू नीट ऐकून घेऊ, कारण तिच्यात दम आहे. जपानमध्ये फ्रॉम सॉफ्टवेअर नावाची कंपनी आहे. हिदेताका मियाझाकी हे तिथले प्रमुख. त्यांचे गेम अवघडपणासाठी जगभर प्रसिद्ध आहेत. २०१९ च्या मार्चमध्ये त्यांचा 'सेकिरो' आला. जुन्या जपानमधला तलवारबाज, शत्रूचा वार नेमक्या क्षणी अडवायचा. क्षणभर आधी नाही, नंतर नाही. चुकलात की मेलात. आणि सोपं करायचा पर्याय कुठेच नाही. त्यावरून मोठं वादळ उठलं. मियाझाकींचं म्हणणं साधारण असं, की सगळ्या खेळाडूंसमोर एकच डोंगर असावा, सगळ्यांनी तोच त्रास सोसावा, म्हणजे पार केल्याचा आनंदही सगळ्यांचा एक होतो आणि त्याबद्दल एकमेकांशी बोलता येतं. त्याच वर्षी 'सेकिरो'ला गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम म्हणून बक्षीस मिळालं.

माझा मुलगा इंजिनिअरिंगला आहे आणि तो या पक्षाचा कट्टर. सुट्टीत घरी आला होता तेव्हा मी मटार सोलता सोलता हा विषय काढला. तो म्हणाला, "आई, रायगड पायऱ्या चढून गेलेला आणि रोपवेनं गेलेला, दोघं सारखेच का गं?"

मी म्हटलं, "नाहीत सारखे. पण रोपवे आला म्हणून एकतरी पायरी कमी झाली का? तुझ्या आजीचे गुडघे दुखतात. ती रोपवेनं वर गेली, महाराजांच्या समाधीवर डोकं टेकवलं आणि परत येईपर्यंत डोळे पुसत होती. तिनं वर जाऊच नये का?"

"जावं की. पण मी गड चढले असं सांगू नये."

"ती सांगतच नाही. मी गड पाहिला असं सांगते."

यावर तो थोडा वेळ गप्प बसला. मग त्यानं खरा मुद्दा काढला. म्हणाला, "तुला माहीत नाही, सोपं बटण समोर दिसलं ना की मन घसरतं. चाळीस वेळा हरल्यावर एकेचाळिसाव्या वेळी मी ते नक्की दाबलं असतं. आणि मग बेचाळिसाव्या वेळी जो आनंद झाला, तो मला कधीच मिळाला नसता."

हे म्हणणं मला पटलं. आपणही हेच जगलोय. अडलेलं गणित आईनं लगेच सांगून टाकलं असतं तर ते आपल्याला आलंच नसतं. विणकामात चुकलेला टाका ज्या बाईनं तीनदा उसवायला लावला, तिचे उपकार आपण जन्मभर मानतो. सगळं मऊ करून मुलांच्या पुढ्यात ठेवलं तर त्यांचे दात बळकट कसे व्हायचे? तेव्हा अवघड ते अवघडच असू दे, यात मी मुलाच्या बाजूनं आहे.

पण मग मी त्याला आमच्या शनिवारच्या वर्गातल्या एका मुलाबद्दल सांगितलं.

आम्ही चार-पाच जणी मिळून दर शनिवारी दिव्यांग मुलांसाठी दोन तास काहीबाही चालवतो. गाणी, गोष्टी, थोडा अभ्यास, थोडा कॉम्प्युटर. त्यात चौदा वर्षांचा एक मुलगा येतो. स्नायू हळूहळू दुबळे होत जाण्याचा आजार आहे त्याला. चाकाच्या खुर्चीत असतो. बोटं चालतात, पण सावकाश, आणि लवकर थकतात. डोकं मात्र तल्लख. क्रिकेटचं वेड इतकं की विचारू नका. त्याच्या आळीत मॅच असली की मुलं प्रेमानं त्याला घेऊन जातात आणि स्कोअर लिहायला बसवतात. दर वेळी स्कोअरच. त्याची आई मला एकदा म्हणाली, "ताई, सगळे त्याला सांभाळून घेतात हो. पण त्याच्या हातात डाव कुणी देत नाही."

हे वाक्य माझ्या मनातून जाईना. याच काळात माझ्या मुलानं सांगितलेला एक गेम मला आठवला. 'सेलेस्ट' त्याचं नाव. २०१८ च्या जानेवारीत आला. मॅडी थॉर्सन आणि त्यांच्या छोट्याशा चमूनं तो कॅनडात बनवला. त्यात मारामारी नाही की बंदुका नाहीत. मॅडेलिन नावाची एक मुलगी एक उंच डोंगर चढायला निघते. तिच्या मनाला सारखी भीती वाटते, छातीत धडधडतं, श्वास कोंडतो. वाटेत एक म्हातारी भेटते, ती तिला खिजवते, सावधही करते. आणि तिच्याच मनातली घाबरी, चिडकी बाजू बाई होऊन तिच्या आडवी येते. चढायचं म्हणजे उड्या मारायच्या, हवेत झेप घ्यायची, कड्याला धरायचं. एक झेप चुकली की पुन्हा त्याच पडद्यापासून सुरुवात. भयंकर अवघड गेम आहे. किती वेळा पडलात ते मोजलं जातं, पण लाज वाटावी म्हणून नाही. पडलात म्हणजे शिकलात, असंच तो गेम सांगतो.

या अवघड गेममध्ये बनवणाऱ्यांनी 'असिस्ट मोड' म्हणून एक सोय ठेवली आहे. ती मला फार आवडली. त्यात सोपं, मध्यम, कठीण अशा पाट्या नाहीत. आपल्याला जे अडतं तेवढंच बदलायचं. गेमचा वेग दहा-दहा टक्क्यांनी कमी करत निम्म्यापर्यंत आणता येतो. कड्याला धरून राहायची ताकद न संपणारी करता येते. अगदीच नको असेल तर एखादा टप्पा सोडून पुढे जाता येतं. आणि ही सोय सुरू करताना बनवणारे आधी आपलं मन मोकळं करतात. हा गेम अवघड असावा असाच आम्ही बनवला आहे, शक्य असेल तर आधी तसाच खेळून पाहा, पण प्रत्येकाची गरज वेगळी असते हेही आम्हाला कळतं, असा त्याचा मतितार्थ. टोपडं नाही, चोखणी नाही, टोमणा नाही. घरी आलेल्या पाहुण्याला आपण कसं म्हणतो, भाजी तिखट आहे हं, आमच्याकडे अशीच करतात, हवं तर दही घ्या. तसं.

आमच्या त्या मुलानं एका जुन्या लॅपटॉपवर हा गेम सुरू केला. त्याच्या मोठ्या बहिणीनं इंग्रजी वाचून दाखवलं. आधी तो हट्टानं पूर्ण वेगात खेळला. एक पडदाही पार होईना. बोटं थकायची. मग बहिणीला म्हणाला, "सत्तर कर." वेग सत्तर टक्के केला, आणि धरून राहायची ताकद वाढवली. बाकी सगळं होतं तसंच. रोज थोडं थोडं, कधी दहा मिनिटं, कधी वीस. अडीच महिन्यांनी एका शनिवारी तो वर्गात आला तोच मुळी ओरडत, "काकू, टोकाला पोचलो!"

त्याचा चुलतभाऊ तिथेच होता. तो पटकन म्हणाला, "सोपं करून चढलास. ही तर चीटिंग झाली." मुलानं लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. म्हणाला, "दोन हजार तीनशे वेळा पडलोय मी. तू किती वेळा पडलास ते सांग." चुलतभाऊ कसला सांगतोय! त्यानं तो गेम तिसऱ्याच टप्प्यावर सोडून दिला होता.

मैत्रिणींनो, इथे मला या वादाची गाठ सापडली. आपण अवघड हा एकच शब्द वापरतो, पण त्यात दोन गोष्टी असतात. एक, डोंगराची उंची. दुसरी, डोंगरापर्यंत पोचायची वाट. या मुलाला उंची कमी करून नको होती. ती त्यानं पडून-धडपडून चढली. त्याला फक्त पायथ्याला नेणारी वाट हवी होती. सत्तर टक्क्यांच्या वेगात त्याला जेवढे कष्ट पडले, तेवढे धडधाकट मुलांना शंभर टक्क्यांत पडत नसतील.

सगळ्याच दिव्यांग खेळाडूंना सोपा गेम हवा असतो असंही नाही बरं का. कित्येक जण अवघडातला अवघड गेम आहे तसाच खेळतात, त्यांना फक्त हाताला जमेल असं साधन हवं असतं. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टनं अशांसाठी एक वेगळा कंट्रोलर काढला. वर तळहाताएवढी दोन मोठी बटणं, आणि मागे बाहेरची बटणं जोडायला एकोणीस जागा. कुणी पायानं दाबायचं बटण जोडतो, कुणी कोपरानं. २०२० मध्ये आलेल्या 'द लास्ट ऑफ अस'च्या दुसऱ्या भागात अशा साठाहून जास्त सोयी दिल्या होत्या, त्यामुळे दृष्टिहीन माणसांनाही आवाजाच्या खुणांवर तो शेवटपर्यंत खेळता आला. शत्रू किती चलाख असावेत, सामान किती मिळावं, हे सगळं त्यात वेगवेगळं ठरवता येतं. आणि या सोयी दिल्या म्हणून गेमची किंमत कमी झाली असं कुणी म्हणालं नाही.

'सेकिरो'बद्दल मात्र एक गोष्ट मनाला लागून राहते. त्याच्या नायकाचा एक हात सुरुवातीलाच तुटतो आणि त्याच्या जागी कृत्रिम हात बसवला जातो. पुढची सगळी लढाई तो त्या हाताच्या जोरावर लढतो. त्या गोष्टीत नायकाला दुसरा हात मिळतो, पण बाहेर बसलेल्या ज्या मुलाचा हात चालत नाही त्याच्यासाठी तशी सोय नाही. शिवाय त्या गेममध्ये एक घंटा आहे. ती वाजवली की शत्रू आणखी बलवान होतात. म्हणजे अवघड करायचा पर्याय ठेवला आहे, सोपं करायचा तेवढा नाही! मग सगळ्यांसमोर एकच डोंगर हा नियम राहिला कुठे?

आणि जपानलाही कच्चा लिंबू परका नाही. तिथे पिढ्यान्‌पिढ्या 'गो' नावाचा पटावरचा खेळ खेळतात. त्यात एक खेळाडू मुरलेला आणि दुसरा शिकाऊ असला, तर शिकाऊला आधीच पटावर काही खडे मांडू देतात. दोनपासून नऊपर्यंत. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. उलट दोघांनाही मन लावून खेळता येतं. जसजसा शिकाऊ तयार होतो तसतसे खडे कमी होतात.

याच कंपनीचा २०२२ मधला 'एल्डन रिंग' पाहिला तर त्यांनाही वाट सापडतेय असं वाटतं. सोपं-कठीण असं बटण त्यातही नाही. पण मोठा मोकळा मुलूख आहे. एखादा शत्रू भारी पडला तर दुसरीकडे फिरून या, ताकद कमवा, मदतीला साथीदार बोलवा आणि परत या. वर्षभरात त्याच्या दोन कोटी प्रती खपल्या. अवघडपणा तसाच ठेवूनही जास्त लोकांना आत घेता येतं, याचा हा दाखलाच म्हणायचा.

मुलाचा घसरणाऱ्या मनाचा मुद्दा मात्र उरतोच. त्यावर मला 'हेडीस' या अमेरिकेतल्या गेमची युक्ती आवडली. हाही २०२० मधलाच. त्यातली मदत सुरू केली की शत्रूचे घाव वीस टक्के कमी लागतात. आणि पुढे प्रत्येक वेळी मराल तेव्हा त्यात दोन टक्क्यांची भर, ऐंशी टक्क्यांपर्यंत. म्हणजे मदत फुकट मिळत नाही, पडल्यावर मिळते. पडणारा माणूस हळूहळू पुढे सरकतो आणि त्याला एकदम कडेवर उचलून घेतल्यासारखंही वाटत नाही. लेकरू चालायला शिकतं तेव्हा आपण करंगळी देतो ना, तसंच हे.

गेम बनवणाऱ्यांची एक अडचणही समजून घ्यायला हवी. प्रत्येक पातळी नीट जमवायची म्हणजे स्वयंपाक तीनदा करण्यासारखं आहे. नुसतं पाणी वाढवलं म्हणून आमटी चांगली होत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात ऑस्ट्रेलियातल्या टीम चेरी या अगदी लहान चमूचा 'सिल्कसाँग' आला. नायिका आहे हॉर्नेट. तोही फार अवघड म्हणून ओरड झाली. तेव्हा त्यांनी आल्यापाठोपाठच्या दुरुस्तीत सुरुवातीचे एक-दोन शत्रू थोडे सौम्य केले, बाकी चढण तशीच ठेवली. तेव्हा कायदा करून प्रत्येकाला सोपं बटण लावायला भाग पाडा, असं मी म्हणणार नाही. पण वेग कमी करणं, अक्षरं मोठी करणं, बटणं बदलू देणं, एवढ्या गोष्टी तरी प्रत्येकानं द्याव्यात. त्यानं कुणाच्या कलेला धक्का लागत नाही.

आता आपल्या स्वतःच्या हातातल्या मोबाइलकडे या. आपल्यातल्या कितीतरी जणी दुपारी भांडी आवरल्यावर 'कँडी क्रश' खेळतात. २०१२ पासूनचा गेम. लाजू नका, मीही खेळते! त्यात पाच लाइफ संपल्या की एक परत मिळायला अर्धा तास थांबायचं. एखादी लेव्हल काही केल्या सुटत नाही, आणि तेवढ्यात पडद्यावर येतं, हे हातोडे विकत घ्या. म्हणजे इथे सोपा पर्याय आहे, पण तो पैसे मोजून. आधी अडवायचं आणि मग वाट विकायची. नाण्याच्या यंत्रवाल्या दुकानदाराचीच ही पुढची पिढी. मला वाटतं, सोपं बटण असावं की नसावं यावर भांडणाऱ्यांनी जरा इकडेही बघावं. 'सेलेस्ट'ची मदत आणि ही मदत यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. एक हात देते, दुसरी खिशात हात घालते.

आणि वेळ ही पण एक अडचण आहेच की. ज्याला चार तास मोकळे आहेत त्यानं चाळीस वेळा हरावं. ज्या बाईला कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधली पंधरा मिनिटं आहेत, तिनं किती वेळा हरायचं? तिला गोष्ट पुढे काय होते एवढंच बघायचं असेल, तर बघू द्या. कादंबरीची मधली पानं उलटून शेवट वाचणारीला आपण वाचनालयातून हाकलतो का?

तेव्हा माझं मत असं. गेम अवघड असावेत, जरूर असावेत. बनवणाऱ्यानं ठणकावून सांगावं की आमचा खरा गेम हा असा आहे. पण कच्च्या लिंबाची जागा ठेवावी, आणि ती घ्यायची की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. हे शेवटचं फार महत्त्वाचं. कारण कच्चा लिंबू म्हणवून घेणं चार वर्षांच्या पोराला गोड वाटतं, पण चौदा वर्षांच्या मुलाला न विचारता तसं केलं तर ते झोंबतं. आमच्या मुलानं स्वतः "सत्तर कर" म्हटलं, म्हणून तो चढला. आपण परस्पर केलं असतं तर त्यानं लॅपटॉप मिटून ठेवला असता.

माझ्या मुलाला हे सगळं पटलं का? अर्धं पटलं. 'सेकिरो' आहे तसाच राहावा असं तो अजून म्हणतो. पण जाताना त्यानं शनिवारच्या वर्गातल्या त्या पोराचा नंबर मात्र माझ्याकडून मागून घेतला. आता दोघं फोनवर कुठल्या कड्यावरून कशी झेप घ्यायची यावर तासभर बोलतात. मियाझाकींना जे हवं होतं ना, सगळ्यांना एकमेकांशी बोलता यावं, ते इथे वेग वेगळा असूनही झालंच की!

तुमच्या घरात गेम खेळणारं मूल असेल तर एकदा त्याच्या शेजारी बसा. सेटिंगमध्ये 'असिस्ट' किंवा 'अॅक्सेसिबिलिटी' असा शब्द दिसतोय का ते बघायला सांगा. घरात हात कापणारे आजोबा असतील, कमी दिसणारी आजी असेल, नाहीतर शेजारी एखादं खुर्चीतलं लेकरू असेल, तर त्यांना नुसतं बघायला बसवू नका, डाव द्या. कुणी सोपं निवडलं तर भावंडांना हसू देऊ नका, आणि कुणी अवघडाशी झगडत असेल तर मधेच जाऊन त्याचा डाव सोपा करू नका. कोण कुठल्या वेगानं चढतंय ते ज्याचं त्याला ठरवू दे.

तुमच्याकडे काय अनुभव येतो ते जरूर कळवा. मी वाट पाहते.